ललना म्हणजे कोण?

मार्च उजाडला की आमच्या पुण्याच्या घरात घोकंपट्टी सुरू होते. यंदा लेकीचं मराठी व्याकरण चाललंय. मी स्वयंपाकघरात कैरी किसत असते आणि बाहेरच्या खोलीतून तिचा कंटाळलेला सूर येतो, "स्त्री म्हणजे महिला, नारी, अंगना, ललना. महिला, नारी, अंगना, ललना." परवा मध्येच थांबून तिने विचारलं, "आई, ललना कोण म्हणतं गं? तू कधी कुणाच्या तोंडून ऐकलंयस?"

किसणी हातातच राहिली. ऐकलंय म्हणजे काय! ढोलकच्या ठेक्यावर, भर दुपारी, अख्खी गल्ली गोळा झालेली असताना ऐकलंय. पण हे एका वाक्यात कसं सांगणार? "आधी पाठ कर, मग सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. त्यात दादाच्या मुलीचे, माझ्या भाचीचे दिवस भरलेत. ती नागपूरला, वहिनी तिच्याजवळ आणि मी इथे फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरतेय. चैत्र, परीक्षा आणि बाळंतपण असं सगळं पुन्हा एकदा एकाच वेळी जमून आलंय.

माझं लहानपण बनारसचं. रामघाटाच्या वरच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. आप्पा तिथल्या पाठशाळेत संस्कृत शिकवायचे, दादा रेल्वेत होता. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि जिन्यात दोन्हींची खिचडी. "पर्चा कसा गेला?" "मस्त गेला, फक्त शेवटचा सवाल छूटला." आप्पा कपाळाला हात लावायचे. मला प्रश्न फार पडायचे म्हणून दादाने माझं नाव 'पूछताछ' ठेवलं होतं, स्टेशनवरच्या त्या खिडकीवरून. तो म्हणायचा, स्टेशनच्या खिडकीत निदान उत्तरं तरी मिळतात, आमच्या खिडकीतून नुसते प्रश्नच येतात.

नव्वदच्या दशकातला तो चैत्र मला वासांवरून आठवतो. गल्लीतल्या कडुलिंबाचा मोहोर पायाखाली चुरडला जायचा त्याचा वास, शिंपडलेल्या दगडी पायऱ्यांचा वास, बेलाच्या सरबताचा. गंगा खाली गेलेली आणि पलीकडच्या वाळूत ककडी-टरबुजांचे वेल पसरलेले. इंटरची परीक्षा सकाळच्या पाळीत असायची, म्हणून उन्हं कलली की मी छतावर पुस्तकं घेऊन बसायची. बत्ती गुल असायचीच. एकदा एक माकड माझ्या इतिहासाच्या नोट्स घेऊन शेजारच्या कठड्यावर जाऊन बसलं आणि एकेक पान सोडायला लागलं. पानिपत कुणाच्या अंगणात पडलं कोण जाणे! मी रडकुंडीला आले होते, आणि तेवढ्यात खालून तो आवाज आला.

फुलेसरी चाचीचा आवाज. गोड मुळीच नव्हता. थोडा फाटका, सुरती म्हणजे तंबाखू खाऊन खरखरीत झालेला, पण तीन छतं ओलांडून यायचा. तिकडे लग्नाला, बारशाला ज्या बायका ढोलक घेऊन गायला येतात त्यांना गवनहारी म्हणतात. चाची त्यांची म्होरकी. घाटाकडे उतरताना उजव्या हाताला तिची खोली होती. चैत्रात ती दाराशी बसून चैती गायची, आणि ओळीच्या शेवटचं ते लांबलेलं 'हो रामा' ऐकलं की माझं अर्थशास्त्र तिथेच संपायचं. मी पुस्तक मिटून खाली पळायची.

मला तिच्याबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. ही बाई गाणी पाठ करते कशी? कुणाकडून शिकली? आणि मुख्य म्हणजे, तिची गाणी इतरांच्या गाण्यांपेक्षा जराशी तिरकी का वाटतात? हे तिरकेपण मला एका लग्नात कळलं. तिकडे लग्नात नवऱ्याकडच्यांना गाण्यातून शिव्या द्यायची हक्काची पद्धत आहे. व्याह्याच्या मिशांची, पोटाची यथेच्छ टिंगल करतात आणि व्याही खूश होऊन ऐकतात. चाचीने मिशांच्या जागी मोटारसायकल घातली. झालं! बायका ठेक्यात गातायत, व्याह्याने मोटारसायकल मागितली, मोटारसायकलवर बसून व्याही निघाला, मोटारसायकलला हँडल नाही आणि व्याह्याला नाक नाही. मांडवात हशा, आणि खरोखरच मोटारसायकल मागितलेला वरबाप गोरामोरा.

"एकच शब्द बदलायचा," चाचीने मला नंतर समजावलं होतं. "दो लफ्ज बदलो, तो औरतें रुक जाती हैं. एक बदलो, तो गाती चली जाती हैं. फिर घर जाकर सोचती हैं कि हाय दैया, हम ई का गा आए!"

शहरातल्या एका महिला संघटनेच्या बाया तिला मोर्च्यांना न्यायच्या. चाची त्यांना 'दीदी लोग' म्हणायची आणि त्यांच्या घोषणांची नक्कल करून आम्हाला हसवायची. पण जायची मात्र नक्की. म्हणायची, नारा देऊन बाई घरी जाते तेव्हा नारा चौकातच राहतो. गाणं मात्र ती बरोबर घरी नेते, चुलीशी बसून गुणगुणते, आणि सासूला वाटतं भजन चाललंय.

"पण चाची, ये सब शुरू कब किया? क्यों किया?" माझा हा कायमचा प्रश्न. आणि दर वेळी नवं उत्तर. एकदा म्हणाली, मला मुलगी झाली तेव्हा सासूने काशाची थाळी वाजवायच्या ऐवजी पालथी घातली, तेव्हापासून. एकदा म्हणाली, शेजारची मैत्रीण स्टोव्हच्या भडक्यात गेली आणि पंधरवड्यात तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं गाणं गायला मलाच बोलावणं आलं, तेव्हापासून. एकदा म्हणाली, "आवाज बड़ा था बच्ची, घर छोटा था. और का!" यातलं खरं कुठलं? मी चिडायची, ती सुरती मळत हसायची.

आणि मग माझी ती प्रसिद्ध चूक झाली. गल्लीत एका घरी मुलगा झाला होता. चाचीच्या बायका सोहर बसवत होत्या. सोहर म्हणजे मूल जन्मल्यावर गायचं गाणं, आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत 'ललना' येतं. मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी परीक्षेने डोकं तापलेलं असावं. मी म्हटलं, "चाची, इनके यहाँ तो लड़का हुआ है. फिर लड़कीवाला गाना क्यों?"

"लड़कीवाला कहाँ से?"

"अरे, ललना ललना गा रही हो न! ललना माने तो औरत!"

बायका अशा हसल्या की ढोलक बाजूला पडला. एकजण म्हणाली, "मराठिन परीक्षा में बउरा गइल!" त्यांच्या बोलीत ललना म्हणजे बाळ, आणि बाळ म्हणजे अर्थातच मुलगा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आपली तावातावाने सांगायला लागले की आमच्या मराठीत, संस्कृतात, आप्पांच्या पुस्तकात, ललना म्हणजे स्त्रीच. तेव्हा लक्षात आलं की चाची हसत नाहीये.

"फिर से बोल," ती म्हणाली.

तिकडे सोहर मुलाचाच. मुलगी झाली की थाळी वाजत नाही, ढोलक उतरत नाही. चाची वर्षानुवर्षं या एका गाण्याशी अडून बसली होती. बाकी सगळ्या गाण्यांत तिला तो एक शब्द सापडला होता, इथे सापडत नव्हता. 'ललनी' करून बघितलं तर बायका फिदीफिदी हसायच्या. दुसरा शब्द घातला तर ठेका मोडायचा. आणि आता ही मराठ्यांची पोरगी सांगत होती की शब्द आधीपासून तिथेच आहे. चाची किती तरी वेळ ढोलकावर नुसती बोटं फिरवत बसली. मग आपल्या बायकांना म्हणाली, "बदले क कामे नाहीं हौ." बदलायलाच नको.

त्याच आठवड्यात वहिनीला दुसरी मुलगी झाली.

आई शेजारणींना नेहमी अभिमानाने सांगायची, "आमच्यात नाही हो असलं काही. आम्ही मुलीचाही पाळणा म्हणतो." ते खोटं नव्हतं. थोरल्या मिनूच्या बारशाला आम्ही घसा फुटेस्तोवर पाळणे म्हटले होते. पण दादा दवाखान्यातून आला, "मुलगी झाली," म्हणाला, आणि आई म्हणाली, "बरं." मधे एक श्वास गेला. तेवढाच. चाचीने त्या श्वासाबद्दल मला आधीच सांगून ठेवलं होतं, की घर कितीही शिकलेलं असो, मुलगी म्हटलं की एक श्वासभर सगळे गप्प होतात. मी तो आमच्या घरात ऐकला आणि मला घरच्यांचीच लाज वाटली.

पाठोपाठ ग्वाल्हेरहून अक्काआत्या आली, आप्पांची थोरली बहीण. तिच्या मुलाला लग्न होऊन कित्येक वर्षं झाली तरी मूल नव्हतं. तिने चहा घेता घेता सांगून टाकलं, "दोन मुली हव्यात कशाला? धाकटी आमच्या सुधाकरला द्या. घरातल्या घरात राहील. बारसं आम्ही ग्वाल्हेरला करू, थाटात." हे तिने इतक्या मायेने सांगितलं की नाही कसं म्हणायचं, हेच कुणाला सुचेना. आप्पांना तिने आईविना वाढवलेलं. ते खाली मान घालून पंचांग चाळत बसले. दादा आप्पांकडे बघत बसला. गप्प बसणं म्हणजे हो, असं धरून अक्काआत्या दुपट्यांची घडी घालायला लागली.

मी बाळंतिणीच्या खोलीत गेले. वहिनी सांगलीची. मुळात मोठ्याने हसणारी बाई. भिंतीकडे तोंड करून पडली होती, बाळाची मूठ आपल्या मुठीत धरून. म्हणाली, "वन्सं, तुम्ही जगाला सगळं विचारत असता ना? मग एकदा बाहेर जाऊन विचारा, मला कुणी विचारलं का?"

मी विचारलं. पानं वाढलेली असताना, सगळ्यांसमोर. "वहिनीला विचारलंत का?" अक्काआत्याने वाटीत आमटी वाढली आणि म्हणाली, "तुझी परीक्षा आहे ना? जेव आणि अभ्यासाला बस." बाकीचे जेवत राहिले. मला इतका संताप आला की मी हात धुऊन थेट खाली, चाचीच्या दारात.

चाचीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने, चक्क तिने, मला प्रश्न विचारला. "तुम लोगों में बच्चे का नाम कौन धरता है?"

"बुआ. आत्या नाव ठेवते कानात."

"और बच्ची की बुआ कौन?"

"मैं."

"त तूँ इहाँ बइठ के का करत हऊ?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "सुन. तुम्हारे यहाँ गीत बारहवें दिन होता होगा. हमारे यहाँ जिस अँगना में सोहर हो गया, बच्चा उसी अँगना का. गली गवाह."

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी त्या आल्या. चाची पुढे, मागे तिच्या बायका. कुणी बोलावलं, कुणी बसा म्हटलं, काही नाही. सरळ आमच्या घरातल्या चौकात फतकल मारली आणि ढोलक घुमला. चाचीने उचललं:

"धीरे से खोलऽ केवड़िया, धिया आइल दुआर हो,
ललना, केसे पूछ के भेजबऽ, ई अँचरा क फूल हो..."

दार हळू उघडा, लेक दाराशी आलीय. पदरातलं हे फूल कुणाला विचारून धाडताय? गाणं चाचीनेच रातोरात जुळवलं होतं. खिडक्या उघडल्या, दारात गर्दी झाली. दूधवाला हंड्यासकट आत डोकावून म्हणाला, "पंडितजी के इहाँ लइका भयल का?"

अक्काआत्या उठली. "यांना कुणी बोलावलं? सांगा त्यांना, मुलगी आहे म्हणावं. घर चुकलात."

चाचीने ढोलक थांबवला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आप्पांकडे वळली. "पंडितजी, हम अनपढ़ हैं. आप बताइए, ललना माने का?"

आप्पा माणूस मऊ. बहिणीसमोर तोंड उघडायची त्यांची ताकद नव्हती, हे मला माहीत होतं. जाऊ द्या, आत्ता नको, असं ते सहज म्हणू शकले असते. पण ऱ्हस्वाचं दीर्घ झालं तरी विद्यार्थ्याला अख्खा श्लोक पुन्हा म्हणायला लावणारा तो माणूस. शब्दाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्याकडून होणारच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा लावला. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यात वहिनी बाळाला घेऊन कधी येऊन उभी राहिली ते कुणालाच कळलं नव्हतं. आप्पांनी ते बघितलं.

"ललना माने स्त्री," ते म्हणाले. आणि सवयीने पुढे धातूही सांगितला. "लल् म्हणजे खेळणं. जी खेळते ती ललना."

"त ठीके घरे आइल हईं," चाची म्हणाली. मग बरोबर घरीच आलोय आम्ही.

गर्दी हसली. आप्पा मात्र हसले नाहीत. ते वहिनीकडे वळले. सासऱ्याने सुनेशी असं चारचौघांत थेट बोलणं आमच्याकडे नव्हतं. "सूनबाई," ते म्हणाले, "तुला कुणी विचारलं नाही. आता विचारतो. तुझं काय म्हणणं आहे?"

"मुलगी माझ्याजवळ राहील," वहिनी म्हणाली. एवढंच. आवाज कापत होता, पण दूधवाल्यापर्यंत पोचला. आप्पा अक्काआत्याला म्हणाले, "अक्का, बारसं इथेच होईल." आणि ढोलक पुन्हा सुरू झाला. या वेळी आईसुद्धा टाळ्या वाजवायला लागली.

अक्काआत्या त्या संध्याकाळी खूप रडली. मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या सुनेच्या दारात ढोलक वाजावा असं तिला किती वर्षं वाटत होतं, ते तेव्हा कळलं. ती बारशाला थांबली, घुगऱ्याही तिनेच वाटल्या. मी पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, वरुणा. ज्या नदीने वाराणसीला अर्धं नाव दिलं, तिचं नाव. मागून बायकांनी धपाधप माझ्या पाठीत बुक्के घातले. अर्थशास्त्रात मी जेमतेम पास झाले, पण त्याचं दुःख कुणाला होतं?

चाचीचं पुढे काय झालं, ते मी सुट्टीत माहेरी गेल्यावर तुकड्या-तुकड्यांत ऐकत गेले. तिने नियम केला होता. मुलीच्या वेळी बोलावलं नाहीत, तर मुलाच्या सोहरला येणार नाही. बोलावणी आटली. तिच्या चमूतल्या दोघी-तिघी दुसरीकडे गेल्या. लोक म्हणाले, म्हातारी बिथरली. ती दवाखान्यांच्या फाटकाबाहेर जाऊन बसायला लागली. आत कुणाला मुलगी झाली असं कळलं की बाहेर ढोलक. एका जळालेल्या मुलीसाठी तिने पोलीस चौकीसमोर पाठवणीचं गाणं म्हटलं, सासरी निघालेल्या लेकीचं, एकही शब्द न बदलता. आतले शिपाई टोप्या काढून बाहेर आले म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही. मी तिथे नव्हते, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटची भेटले तेव्हा तिचा आवाज गेला होता. पूर्ण गेलेला. दाराशी बसून ती फक्त ठेका धरायची आणि गल्लीतल्या सुना गायच्या. मी तिला हात धरून घाटाच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. ऊन उतरलं होतं, नावा परतत होत्या. मी माझा जुना प्रश्न काढलाच. "चाची, अब तो सच बताओ. शुरू क्यों किया था?"

ती कुजबुजत बोलायची, कान अगदी जवळ न्यावा लागायचा. म्हणाली, "सब सच था बच्ची. हमसे कोई पूछता कहाँ था? तू पूछती थी. तो हर बार थोड़ा और बता देते थे."

मी किती वर्षं तिला थापाडी समजत होते! एका बाईकडे एका प्रश्नाची इतकी उत्तरं साठलेली असू शकतात, आणि तिला ती विचारणारं एखादंच कुणी भेटतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी दादाचा फोन आला की चाची गेली. तिच्या मागे बायका गात गेल्या. काय गायल्या, ते मी विचारलं. दादा म्हणाला, "सोहर, अजून काय!"

हे सगळं आज लेकीला सांगायचं ठरवलं होतं. तिने व्याकरण मिटलं, मी पन्ह्याचे पेले भरले, आणि फोन वाजला. वहिनी, नागपूरहून.

"वन्सं, वरुणा सुटली हो. सगळं सुखरूप आहे."

आणि ती थांबली. मी विचारेन म्हणून थांबली. तिला माझा स्वभाव पुरता ठाऊक. एक श्वासभर दोन्हीकडे शांतता. तोच तो श्वास. ओळखीचा. आमच्या घरातला, चाचीने ऐकायला शिकवलेला.

मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा 'पूछताछ'ची खिडकी बंद ठेवली आणि गळा काढला. सूर कुठे, ताल कुठे, "धीरे से खोलऽ केवड़िया..." लेक पेला हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो वन्सं, विचारा तरी, काय झालं ते!"

"आधी कडवं पुरं होऊ द्या," म्हटलं. आणि पलीकडून, सांगलीच्या हेलात, रडत-हसत वहिनीने 'ललना' उचललं.